दायकोरमची माणसं किती?

माझं नाव दायकोरम. नावाला हसू नका, ते मी ठेवलेलं नाही. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी एक स्पॅनिश पाद्री घोड्यावरून इथे आला आणि नदीकाठी जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याला त्याने विचारलं, या ठिकाणाला काय म्हणतात? म्हाताऱ्याला त्याची भाषा कुठली कळायला. तो आमच्या बोलीत म्हणाला, “दाय को आराम.” म्हणजे, मला काय ठाऊक. पाद्रीबुवांनी ते वहीत टिपून घेतलं आणि घोडा हाकला. तेव्हापासून मी ‘मला काय ठाऊक’ नावाचं गाव आहे. शेजारची गावं त्यावरून अजून चिडवतात.

खरं तर मला सगळं ठाऊक असतं. माझ्या हद्दीत कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या चुलीवर नारळाच्या दुधात अळूची पानं शिजतायत आणि कोणाच्या घरी नुसता भात आणि सुकी मासळी, यातलं काही माझ्यापासून लपत नाही. हद्दीपलीकडचं मात्र मला दिसत नाही. एका अंगाला समुद्र, तीन अंगांना डोंगर, आणि घाटात सिमेंटची एक कमान. जीप त्या कमानीतून पलीकडे उतरली की आतलं माणूस माझ्या नजरेआड झालं. दुसरी अडचण म्हणजे गावाला तोंड नसतं. आज बोलतोय ते फार साठलंय म्हणून.

नगरपालिकेत ओनोफ्रे नावाचा कारकून आहे. दर तीन वर्षांनी तो चार पानांत माझी ओळख लिहितो. सतरा वाड्या. तीन धबधबे, त्यातला एक फक्त पावसाळ्यापुरता. पिकं म्हणजे भात, नारळ आणि आबाका. हे आबाकाचं झाड केळीसारखंच दिसतं, पण फळासाठी नाही, खोडातल्या वाखासाठी लावतात. ग्रामदैवत सान रोके, जत्रा ऑगस्टात. आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत, लोकसंख्या नऊ हजार चारशे बारा.

बाकी सगळं खरं, तो आकडा खोटा.

यात ओनोफ्रेची लबाडी म्हणावी तर तसंही नाही. माझी माणसं बाहेर जातात. मनिलाला जातात, आखातात जातात, जहाजांवर जातात. शिरगणतीवाला दारात येऊन विचारतो, घरात माणसं किती? आई बोटांवर मोजून सहा सांगते. हा समोर बघतो तर तिघंच. दांते कुठे आहे? जेद्दाला. मग तो इथे राहत नाही. यावर आई बिघडते. राहत नाही म्हणजे काय, त्याची चादर आहे की घरात. शिरगणतीवाला घाम पुसतो, शहाळ्याचं पाणी पितो आणि सहा लिहून पुढच्या घरी जातो.

ओनोफ्रेला हे माहीत होतं. पण आकडा घसरला तर दवाखान्याचा डॉक्टर दुसरीकडे हलवतील, शाळा बंद करतील, अशी भीती त्याच्या साहेबांना होती. आणि मलाही तो आकडा आवडायचा, हे कबूल करतो. कागदावर का होईना, भरलेलं घर कोणाला नको असतं?

माझ्या सगळ्यांत वरच्या वाडीचं नाव तागबाक. सात घरं. सातव्या घरात एपिफानिया राहायची. तिला सगळे तिया पानिंग म्हणतात. तिया म्हणजे मावशी. नवरा कधीच वारला. आबाकाचा वाख काढून, दोर वळून तिने एकटीने मुलगी वाढवली. आरासेली तिचं नाव, लाडाने सेली. नऊ वर्षांपूर्वी सेली घरकामाला आखातात निघाली.

निघायच्या दिवशी मायलेकी जेवत होत्या आणि खाली रस्त्यावर जीपचा भोंगा वाजला. आमच्याकडे जेवणातून उठून कोणी प्रवासाला निघालं की मागे बसलेल्यांनी आपापलं ताट गोल फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. पानिंग पोरीची पिशवी उचलायला धावली आणि ताट तसंच राहिलं. जीप कमानीतून गेल्यावर तिला आठवलं. ती गुडघ्यांची पर्वा न करता चढ चढून घरी आली आणि तिने ताट फिरवलं. भात तोवर गार झाला होता.

सहा वर्षं दर रविवारी खालच्या दुकानात सेलीचा फोन यायचा. मग एका रविवारी आला नाही, पुढच्याही नाही. नंबर लावला तर बाई त्यातून काहीतरी परक्या भाषेत बोलायची. पानिंग प्रांताच्या शहरात, सेलीला आखातात पाठवणाऱ्या एजंटाकडे दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा दुकानाला टाळं. तिसऱ्यांदा ती गेली नाही आणि त्यानंतर तिने कोणाला काही विचारलंही नाही.

विचारायचं सोडलं आणि सांगायला लागली. कोणी म्हणालं, सेली कशी आहे, तर म्हणायची, बरी आहे, घरी आहे. शेजारी एकमेकांकडे बघायचे आणि विषय बदलायचे. ती रोज दोन ताटं मांडायची. संध्याकाळी लेकीची चटई अंथरायची, सकाळी गुंडाळून ठेवायची. शिरगणतीवाल्याला तिने दोन माणसं सांगितली. तो परगावचा होता, त्याने दोन लिहिली. ‘ती इथे नाही’ हे शब्द एकदा तोंडातून गेले की ते खरे होतील, अशी तिला धास्ती होती. मला तिची दया यायची, आणि मी तिला काही सांगू शकत नव्हतो, कारण सेली कमानीपलीकडे होती.

गेल्या नोव्हेंबरात मोठं वादळ आलं. वादळं मला नवीन नाहीत, वर्षाला पाच-सहा माझ्या अंगावरून जातात. मागच्या दोन मोठ्या वादळांत माझं एकही माणूस दगावलं नव्हतं, म्हणून प्रांताने ढाल दिली होती. ती नगराध्यक्षबाईंच्या खुर्चीमागे टांगलेली असते. याही वेळी बाईंनी बचाव पथकाला बजावलं की यादीतलं एकही नाव डोंगरावर राहता कामा नये. यादी अर्थात ओनोफ्रेच्या कागदावरूनच काढलेली.

पथकात इस्मो होता. फेलिसिमो हे पूर्ण नाव. किनाऱ्यावरचा कोळी, चाळिशी उलटलेला, बोलघेवडा, आणि जत्रेत माईक हातात आला की सोडत नसे. आवाज बेसूर. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन ट्रकपर्यंत नेताना तो त्यांना म्हणायचा, तिया, काय खाता हो, माझ्या होडीपेक्षा तुम्हीच जड. त्याची बायको निटा आणि तीन मुली. तागबाकला तो जन्मात कधी गेला नव्हता.

तागबाकची बाकीची घरं सकाळीच खालच्या शाळेत उतरली. पानिंगचा गुडघा सुजला होता म्हणून शेजाऱ्यांनी तिला रस्त्यापर्यंत आणलं आणि आजाऱ्यांच्या ट्रकमधून इथे बाजारपेठेतल्या व्यायामशाळेत पाठवलं. दुपारी दोनला इस्मो यादी घेऊन तिच्यासमोर उकिडवा बसला.

“तिया, तागबाक, सातवं घर. एपिफानिया तुम्ही. आणि आरासेली?”

पानिंग सुजलेला गुडघा चोळत राहिली.

“खालच्या शाळेत गेली का ती?”

ती पत्र्यावर आपटणाऱ्या पावसाकडे बघत राहिली. इस्मोने वायरलेसवरून शाळेला विचारायचा प्रयत्न केला, पण नुसती खरखर ऐकू आली. त्याने पेन्सिल उचलली.

“इथे दोन नावं आहेत, तिया. हे एक काढून टाकू का?”

“काढू नको,” पानिंग म्हणाली. “माझी सेली घरी आहे.”

“घरी? या वाऱ्यात, एकटी?”

पानिंगने भुवया उचलल्या. आमच्याकडे भुवया उचलल्या म्हणजे हो.

मला तोंड असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो. त्या घरात माणूस नव्हतं. घरात एक कोंबडी होती आणि दाराची कडी बाहेरून लावलेली होती. संपूर्ण वाडीत त्या घटकेला एक जीव नव्हता, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? इस्मो उठला, त्याने केशरी जाकिटाची चेन वर ओढली आणि पथकातल्या तोमासला हाक मारली. कोपऱ्यात निटा मुलींना घेऊन बसली होती. ती म्हणाली, वारा बघतोयस ना? तो म्हणाला, तासाभरात येतो, माझ्या वाटचं कालवण पोरींना देऊन टाकू नकोस.

नदीला पाणी चढलं होतं. तोमास दोर धरून अलीकडच्या काठाला थांबला, इस्मो दोराला धरून पलीकडे गेला आणि चढ चढू लागला. पावणेचारला तो सातव्या घरी पोचला. कडी बघून त्याला शंका यायला हवी होती. पण त्याने आत डोकावून पाहिलं तर टेबलावर धुतलेली दोन ताटं, कोपऱ्यात नीट गुंडाळलेली चटई, खुंटीला बाईमाणसाचा फ्रॉक. त्याला वाटलं, पोरगी घाबरून कुठेतरी आडोशाला गेली असेल. तो गोठ्यामागे गेला, झऱ्याकडे गेला, आबाकाच्या बनात शिरला.

“सेली! ए सेली! घाबरू नकोस, तुझ्या आईने पाठवलंय!”

तासभर तो हाका मारत होता. आवाज बसला तरी मारत होता. त्याच्या पायाखालची माती आतून सुटत चाललीय, हे मला कळत होतं. माती माझीच होती. लोक म्हणतात डोंगर कोसळला, पण तो डोंगर म्हणजे माझंच अंग, आणि मला ते सावरता आलं नाही. पाच वाजायच्या आत उतार सुटला आणि सातव्या घरासकट आबाकाचं बन ओढ्यात उतरलं.

तोमास एकटाच परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला आणि तीस माणसं फावडी घेऊन वर चढली. त्यांच्याकडे दोन नावं होती. शाळेतून परतलेले तागबाकचे शेजारी बुचकळ्यात पडले. सेली तर परदेशात आहे ना, असं एकाने म्हणून पाहिलं. पण मग त्यालाच वाटलं, आली असेल गुपचूप. अशा किती पोरी येतात. पोळलेल्या, फसवल्या गेलेल्या. मग लाजेने महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाहीत. आणि प्रत्यक्ष आई सांगतेय घरी आहे, तर आपण कोण बोलणार? त्यांनीही फावडी उचलली.

इस्मो त्याच दुपारी सापडला. निटा तिथेच होती. तिने त्याचं तोंड आपल्या खांद्यावरच्या ओल्या टॉवेलने पुसलं, कानातली माती काढली, आणि माणसांनी त्याला खाली न्यायला उचललं तेव्हा मोठ्या मुलीला त्याच्यासोबत पाठवलं. स्वतः मात्र तिथल्या दगडावर परत जाऊन बसली. पथकाचा प्रमुख म्हणाला, मानाय, घरी जा आता. मानाय म्हणजे थोरली बहीण.

“ती सापडल्याशिवाय जाणार नाही,” निटा म्हणाली. “तिच्यासाठी गेला ना तो? मग ती मिळायला हवी. नाहीतर त्याचं जाणं फुकट.”

माणसांनी पुन्हा फावडी उचलली. खोदकाम चालू राहिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस लागला. वरून धोंडे गडगडत येऊ लागले. तोमास कमरेपर्यंत चिखलात गेला, चौघांनी ओढून त्याला बाहेर काढलं. माती अजून थांबलेली नाही, हे मला जाणवत होतं. अजून एक उतार सुटायच्या बेतात होता आणि त्याखाली तीस माणसं नसलेल्या बाईला शोधत होती.

खाली व्यायामशाळेत पानिंगने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. इस्मो गेल्याचं तिला कळलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई तिची समजूत घालायला म्हणाली, धीर सोडू नका तिया, तुमच्या सेलीला शोधतायत अजून, एवढ्यात सोडणार नाहीत. पानिंगने तिच्याकडे पाहिलं आणि ती उठली. ओनोफ्रेने तिला मोटारसायकलवर नदीपर्यंत आणलं. तिथून दोघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तिला वर नेलं.

खुर्ची टेकताच ती उभी राहिली. “थांबवा,” म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. मग ती निटाकडे वळली.

“सेली इथे नाही. नऊ वर्षं झाली तिला जाऊन. तीन वर्षांत तिचा आवाज नाही. घरात कोणी नव्हतं. मी खोटं बोलले.”

फावडी थांबली. कोणी पानिंगकडे बघेना, कोणी निटाकडे बघेना. निटा सावकाश उठली.

“माझ्या नवऱ्याने विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तो म्हणाला, नाव काढून टाकू का,” पानिंग म्हणाली. “मला ते सोसलं नाही.”

निटाचा हात वर गेला. मारते की काय असं सगळ्यांना वाटलं. तिने तोंडावर आलेले ओले केस बाजूला केले आणि ती उतार उतरून गेली. तिच्यामागून माणसं उतरली. संध्याकाळच्या आत दुसरा उतार सुटला. त्याखाली कोणी नव्हतं.

इस्मोच्या घरी नऊ दिवस प्रार्थना झाली. पानिंग रोज काठी टेकत यायची आणि फाटकाबाहेरच्या बाकावर बसायची. तिला कोणी हाकललं नाही आणि कोणी आतही बोलावलं नाही. आलेल्यांना कॉफी आणि बिस्किटं दिली जायची, ती बाकापर्यंत यायची नाहीत. गावात कुजबुज व्हायची, म्हातारीने माणूस खाल्लं. मला ते ऐकवत नव्हतं. म्हातारी एकटी खोटं बोलली होती का? हजारभर दारांत तेच खोटं सांगितलं गेलं होतं, ओनोफ्रेने ते नीट अक्षरात उतरवलं होतं आणि मी ते अंगावर मिरवलं होतं. कॉफी न मिळण्याची शिक्षा मात्र तिला एकटीला झाली.

ओनोफ्रेला झोप लागेनाशी झाली. जानेवारीत त्याने साहेबांना न विचारता नवी मोजणी काढली. घरोघर स्वतः गेला. या वेळी चादरी मोजल्या नाहीत. बायका भांडल्या, रडल्या. एकीने विचारलं, माझ्या दांतेला तू मेलेला लिहितोस का रे? तो म्हणाला, नाही तिया, गेलेला लिहितोय, आला की परत लिहीन. सतराव्या वाडीपर्यंत आकडा सात हजार नऊशेच्या आसपास आला. नगराध्यक्षबाईंनी डोक्याला हात लावला. मला मात्र अंगावरची ओली कापडं उतरल्यासारखं वाटलं, थंडीही वाजली.

निटाचं घर त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

“मानाय, घरात माणसं किती?”

“पाच,” निटा म्हणाली.

मुली खाली बघू लागल्या. ओनोफ्रेची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, ती हलेना. मग निटालाच आपला शब्द ऐकू आला असावा.

“कळतंय मला,” ती म्हणाली. “तू चार लिही. मला कोणी विचारलं तर मी पाचच सांगणार.”

त्याने चार लिहिलं आणि तो मान खाली घालून निघून गेला. निटा उंबऱ्यात बसून राहिली. ऊन कलल्यावर ती उठली, थर्मासमध्ये कॉफी भरली आणि शाळेच्या मागच्या खोलीकडे निघाली. घर गेल्यापासून पानिंग तिथे राहत होती. दोघींनी कॉफी घेतली. माफ केलं वगैरे निटा काही म्हणाली नाही, आणि पानिंगनेही ते मागितलं नाही. शेवटी निटा म्हणाली, “सेलीचा शेवटचा नंबर कुठेय? तिच्या मालकाचं नाव आठवतंय का? हरवली म्हणून सरकारला लिहून देऊ.”

पानिंगने तीन वर्षांत ते केलं नव्हतं. तीच कशाला, कोणीच केलं नव्हतं. घरी असलेल्या माणसाला कोण शोधायला जाणार?

अर्ज ओनोफ्रेने लिहिला. पानिंगने अंगठ्याशेजारी नाव गिरवलं, साक्षीदार म्हणून निटाने सही केली. मागच्या सोमवारी तो कागद टपालाच्या पिशवीतून कमानीपलीकडे गेला. त्याचं पुढे काय झालं ते मला दिसत नाही. ओनोफ्रेच्या नव्या पानावर माझी माणसं सात हजार नऊशे चाळीस आहेत. तागबाकला आता सहा घरं आहेत. सातव्याच्या जागी लाल मातीचा ओरखडा आहे, अजून गवत धरलेलं नाही.

बाहेर गेलेल्या माझ्या माणसांनो, मोठं गाव म्हणवून घ्यायची माझी हौस फिटली. तुम्ही या, न या. पण पोचलात की पोचलो म्हणून कळवत जा, अडकलात तर अडकलो म्हणून कळवा. लाज कसली त्यात?

आणि सेली, तुला वेगळं सांगतो. तुला कधी न पाहिलेला एक माणूस भर वादळात तासभर माझ्या डोंगरावर तुझ्या नावाने हाका मारत फिरला. तू असशील तिथून एकदा त्याला ओ दे.